खुर्ची वर आली

४ फेब्रुवारी

तीस वर्षं मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीमागे बसलो. लोकांच्या तक्रारी ऐकल्या, लिहून घेतल्या, क्रमांक देऊन पुढे पाठवल्या. निवृत्त झाल्यावर कळलं की माझी तक्रार ऐकायला कुठे खिडकीच नाही. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, रोज मला ऐकवता ते लिहून काढा ना, बरं वाटेल." म्हणजे तीही कंटाळली. तर आजपासून दैनंदिनी.

पहिली तक्रार आमच्या हिची. दुसरी, तिसरी, चौथीही तिचीच असणार, पण क्रमाने घेऊ.

हिने जन्मभर शाळेच्या तलावात मुलांना पोहायला शिकवलं. ही निवृत्त झाली तेव्हा मला वाटलं, आता जरा कोरडी होईल. तर नाही. हिच्या वडिलांची एक दगडखाण होती. पंप बंद पडल्यापासून ती पाण्याने भरलेली. तिथे हिने डायव्हिंग पार्क काढलं. शहरातले लोक येतात, पाठीवर हवेची टाकी बांधतात, पाण्यात उतरतात आणि खाली फिरून वर येतात. समुद्रात निदान रंगीत मासे तरी असतात. इथे हिरवं पाणी, दगड आणि गाळ. मग लोकांनी बघायचं काय? म्हणून ही वस्तू बुडवते. सगळ्या पार्कांत असंच करतात म्हणे. आमच्या तळाशी एक मोडकी बस आहे, एक टेलिफोन बूथ आहे आणि एक न्हाणीचा टब आहे. लोक पैसे देऊन, थंडीत कुडकुडत, टब बघायला जातात. मी हात टेकले.

आम्ही राहतो खाणीच्या काठावर, पूर्वी मॅनेजर राहायचा त्या बंगल्यात. माझं काम टाक्यांत हवा भरायचं. कॉम्प्रेसर असा धडधडतो की कानाशी कोणी ओरडलं तरी ऐकू येत नाही. अर्थात ओरडायला तरी कोण आहे? ही दिवसभर पाण्याखाली. वर आली की केस पुसते, दोन घास खाते आणि झोपते.

आज म्हणाली, "अहो, ती तुमची स्कूटर चालत नाही ना? घेऊ का?"

मी पेपर वाचत होतो. म्हणालो, "घे." मला वाटलं फिरवायला नेत असेल. दुपारी बघतो तर स्कूटर दोरीने पाण्यात सोडताहेत. टाकीतलं पेट्रोल, ऑइल सगळं आधी काढून टाकलेलं, पाणी खराब होऊ नये म्हणून. पाण्याची एवढी काळजी.

९ फेब्रुवारी

दादाचा फोन आला. गेल्या वर्षापासून तो म्हणतोय की वरची खोली रिकामी आहे, ये कायमचा. वहिनी मागून ओरडल्या, "भावजी, पत्त्यांना चौथा माणूस मिळत नाही हो." आज मी हो म्हणालो. माझं मलाच आश्चर्य वाटलं.

ठरलं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी दादा टेम्पो घेऊन येणार. माझी पुस्तकं, कपडे आणि आरामखुर्ची. खुर्चीशिवाय मी हलणार नाही हे त्याला स्पष्ट सांगितलं. पहिल्या पगारात घेतलेली सागवानी खुर्ची आहे ती. माझ्या पाठीचा आकार तिला माहीत आहे, आणखी कोणाला नाही.

भांडण वगैरे काही झालेलं नाही. भांडायला समोर माणूस लागतो. मी सकाळी चहा करतो, दोन कप भरतो आणि हिचा गार झाला की मीच पितो. एवढंच आमचं चाललंय. दादाकडे निदान कोणी तरी म्हणेल की तुझा डाव आहे.

हिला सांगायचं आहे. उद्या सांगतो.

१० फेब्रुवारी

नाही सांगितलं. शहरातून एक मंडळ आलं होतं, ही दिवसभर पाण्यात.

१८ फेब्रुवारी

बैठकीच्या खोलीतलं तिपाई टेबल गेलं. उंच दिव्याचा स्टँडही गेला. विचारलं तर म्हणते, "तुम्हाला कुठे लागतो दिवा? तुम्ही तर खिडकीशी वाचता." खरं आहे, पण दिवा असणं ही एक गोष्ट असते.

त्याहून चीड आणणारी गोष्ट संध्याकाळची. मी खुर्चीत बसलोय, रेडिओ ऐकतोय, आणि ही मोजपट्टी घेऊन माझ्याभोवती फिरतेय. माझ्या खुर्चीपासून तिच्या वेताच्या खुर्चीपर्यंत मापलं. मग तिपाई होती तिथल्या फरशीवरच्या खुणेपर्यंत मापलं. मग मला म्हणाली, "पाय जरा वर घ्या." मी पाय वर घेतले. पायाखालचंही मापलं.

"काय चाललंय हे?"

"काही नाही. मी बसते ती खुर्ची थोडी तिरकी असते ना हो?"

"तू बसतेस कुठे?"

ती आकडे हातावर लिहून निघून गेली. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही खोली रिकामी करून इथे टाक्या ठेवणार. मी अजून घरात आहे आणि माझ्या जागेची मापं निघताहेत.

२५ फेब्रुवारी

रेडिओ गेला. बंद पडला होता हे मान्य, पण मी तो दुरुस्त करणार होतो. तीन वर्षं झाली असतील, तरी करणार होतो.

हिच्याकडे एक शिकवणारा मुलगा आहे. मुलगा म्हणजे तिशीचा बाप्या, पण काळा सूट घालून काठावर हात पसरून उन्हात उभा राहतो म्हणून मी त्याला पाणकावळा म्हणतो. तोच हिच्याबरोबर खाली वस्तू लावतो. आज कॉम्प्रेसरपाशी येऊन म्हणाला, "काका, एकदा खाली येऊन बघा तरी."

"काय बघू? माझ्याच घरातलं सामान? ते मी वर असताना बघितलंय."

तो हसला. "वर असताना नाही बघितलंत." या मंडळींच्या बोलण्याला शेंडा ना बुडखा. पाण्यात बोलता येत नाही म्हणून बोलायची सवयच गेली असावी.

दादाकडे जायचं ठरलंय हे हिला सांगायला गेलो. ती म्हणाली, "आधी ती टकटक थांबवा." मला विचार करताना खुर्चीच्या हातावर अंगठी आपटायची सवय आहे. त्या जागी लाकडाला बारीक खळगा पडलाय. लग्नापासून ही त्यावरून कटकट करते. मी टकटक थांबवली आणि सांगायचंही राहिलं.

३ मार्च

आजची तक्रार सगळ्यात मोठी.

डोळे तपासायला शहरात गेलो होतो. दुपारी बसमधून उतरून वळणावर आलो, तर खाणीच्या मधोमध पाण्यावर काहीतरी तरंगतंय. चष्मा नवा, दिसतंय अगदी स्वच्छ. माझी आरामखुर्ची. पाठ वर करून, हात पसरून, शांतपणे तरंगतेय. आणि तिच्यावर एक बगळा बसलाय.

काठावर शहरातली सहा-सात मंडळी फोटो काढत होती. ही आणि पाणकावळा रबरी होडी घेऊन खुर्चीमागे. खुर्ची जवळ आली की वल्ह्याच्या धक्क्याने पुन्हा पुढे जायची. जन्मभर मुलांना पाण्यावर तरंगायला शिकवणाऱ्या बाईला लाकूड तरंगतं हे लक्षात राहू नये? सकाळी मी गेल्यावर म्हणे दगड बांधून सोडली होती. गाठ सुटली आणि खुर्ची वर आली. मला त्या खुर्चीचा अभिमान वाटला.

ही काठाला लागताच मी विचारलं, "मला न विचारता?"

तिचे ओठ थंडीने निळे पडले होते. दोरी गुंडाळत राहिली. "तुम्ही सगळं मला विचारून करता का?"

"मी काय केलं न विचारता?"

"काही नाही," म्हणाली आणि दगड शोधायला गेली. याचा अर्थ काय तो तिलाच ठाऊक. मी आजवर हिला न विचारता रुमालसुद्धा घेतलेला नाही.

संध्याकाळपर्यंत खुर्ची परत बुडवली. या वेळी साखळीने.

४ मार्च

जमिनीवर सतरंजी टाकून बसलो. पाठ गेली. हिची वेताची खुर्चीसुद्धा दिसत नाही. विणकाम उसवलं होतं, दुरुस्तीला दिली असणार. म्हणजे स्वतःची दुरुस्तीला आणि माझी तळाला. असा न्याय.

दादाला खुर्चीचं सांगितलेलं नाही. काय सांगू, आमच्याकडे फर्निचर बुडतं?

१२ मार्च

पाणकावळ्याला समुद्रावर नोकरी लागली. महिन्याअखेर जायचं होतं, बोट लवकर सुटणार म्हणून उद्याच निघतोय. निरोप घ्यायला आला तेव्हा ही त्याच्या बॅगेची चेन लावून देत होती, ती लागत नव्हती तरी लावत होती.

मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, बाईंना आता जोडीदार नाही. तुम्ही शिका."

"मी? मला न्हाणीघरात नाकात पाणी गेलं तरी शिंका येतात."

"लवकर शिका पण," म्हणाला. "एप्रिलच्या आधी."

एप्रिलचं याला कोणी सांगितलं? बोटीच्या नादात काहीतरी बरळला असेल.

१९ मार्च

फाटकाच्या आत एक मोठा फलक आहे. माझ्याच अक्षरात रंगवलेला. पहिला नियम: एकट्याने पाण्यात उतरू नये. पाण्याखाली माणसाची हवा संपली, पाय अडकला, घाबरगुंडी उडाली, तर हात द्यायला दुसरा माणूस लागतो. ही हा नियम गिऱ्हाइकांच्या डोक्यात हातोडीने ठोकते. आता स्वतःवर आलाय.

शहरातून नवा शिकवणारा मिळेना. पार्क बंद. ही सकाळपासून काठाच्या पायरीवर बसते, पाय पाण्यात सोडून. मी कपात चहा नेऊन दिला. म्हणाली, "ठेवा." संध्याकाळी कप तिथेच, वर माशी.

मला वाटायचं, ही पाण्याबाहेर राहिली तर घरात येईल. ही बाहेर राहिली आणि कुठेच नाही. घरात एवढी शांतता की कॉम्प्रेसर उगाच चालू करून बसलो.

आता हे असं सोडून मी पत्ते खेळायला जायचं? माणूस आहे मी. तिचा जोडीदार मिळेपर्यंत, फक्त तेवढ्यापुरतं, शिकून घ्यायला काय हरकत आहे? जेवताना म्हणालो, "ते पाण्यात जायचं, किती अवघड असतं?"

ही घास हातात धरून बघत राहिली. "कोणाला?"

"एखाद्या साठीच्या माणसाला. समजा."

"चिडका असेल तर फार अवघड," म्हणाली.

२१ मार्च

हिला शिकवण्याची परवानगी आहे, परीक्षा देऊन मिळवलेली. डॉक्टरने माझे कान, छाती तपासून हिरवा कंदील दाखवला. मला वाटलं होतं तो तरी नाही म्हणेल.

सूट घालणं हाच व्यायाम. एक पाय आत जाईपर्यंत मी दोनदा पडलो. मग आरशात बघितलं. त्यावर लिहिणार नाही.

काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर बसवलं. तोंडात नळी, नाक बंद, श्वास तोंडाने. मी तोंडाने श्वास घेत असताना नाकाने बोलायला गेलो आणि अर्धी खाण प्यायलो. ही हसली. कधीपासून हसली नव्हती. मलाच हसली, पण हसली.

२६ मार्च

खाली जाताना कान दुखतात. नाक चिमटीत धरून हवा कानात ढकलायची, मग टक्कन मोकळे होतात. मी विसरतो. पायातल्या फिन्सनी, म्हणजे त्या बदकाच्या पायांसारख्या रबरी पंजांनी, खालचा गाळ उडवू नये, संथ मारायच्या. तेही विसरतो. ही वर आल्यावर म्हणते, "तुम्ही पाण्यात सायकल चालवता." दुसऱ्या टप्प्यापर्यंत, म्हणजे खाणीच्या दोन मजले खोल पायरीपर्यंत, अजून नेलं नाही. "गाळ उडवायचं थांबवा, मग नेते." तिथे काय एवढं मोठं राजवाड्याचं दालन आहे?

मला सगळ्यात जास्त सतावतं ते हे की पाण्याखाली वाद घालता येत नाही. एक बोट दाखवून ही सांगते, तिकडे. मला पटत नाही, पण मी काय बोटाने उत्तर देणार? शेवटी तिकडे जावं लागतं. बहुतेक वेळा तिकडेच बरं असतं, हा भाग वेगळा.

२९ मार्च

उतरण्याआधी एकमेकांची तपासणी करायची असते. हिचा हा सोवळं-ओवळं असल्यासारखा नेम आहे, कधी चुकवत नाही. माझ्या समोर उभी राहून एकेक पट्टा ओढते, बकल दाबते, टाकीची चावी उघडी आहे का बघते, कमरेवरचं वजन हाताने चाचपते. मग मी तिचं करायचं. मी आज चुकून तिच्या खांद्याचा पट्टा जोरात ओढला, ती पुढे आली आणि तिचं कपाळ माझ्या हनुवटीला लागलं. दोघं तसेच थांबलो. मग ती म्हणाली, "हवा बघा."

किती वर्षांनी हिने माझ्या अंगावरचं काहीतरी नीट लावून दिलं, मला आठवेना.

दादाचा फोन आला, टेम्पो ठरला का विचारायला. म्हणजे मीच त्याला ठरवायला सांगितलं होतं आणि आता तो मला विचारतोय. मी नुसतं हूं हूं केलं. हिला सांगायचं अजून राहिलंय. आता तर आणखी अवघड झालंय, शिकवणारीला कसं सांगायचं की शिकून मी चाललो?

५ एप्रिल

परवा रविवार. आज काहीही झालं तरी सांगायचं असं ठरवून उठलो. ही म्हणाली, "आज दुसऱ्या टप्प्यावर जाऊ." मी म्हणालो, वर आल्यावर सांगेन.

दोरी धरून खाली गेलो. पहिल्यांदा पाणी कोमट, हिरवं. मग एका थरात एकदम गार, जशी कोणी पोटावर बर्फाची लादी ठेवावी. त्याच्याखाली पाणी स्वच्छ होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दूर माझी स्कूटर दिसली, स्टँडवर उभी, दारात लावतात तशी. तिच्याकडे बघण्याच्या नादात मी गार पाण्याने दचकून पाय झाडले. जोरात, सायकलसारखे.

झालं. गाळ उठला. क्षणात सगळं चहासारखं. हात डोळ्यासमोर धरला तर हात दिसेना. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. श्वास भराभर घ्यायला लागलो, कानात माझेच बुडबुडे. मी मेलो असं वाटलं, खोटं कशाला लिहू. आणि तेव्हा मनात आलं की हिला सांगितलं नाही. म्हणजे जातोय हे नाही. बाकीचं.

मग दंडावर हात आला. हिचा. घट्ट. तिने मला खाली दाबलं, खाली, आणि माझ्या पाठीला काहीतरी लागलं. मागे टाकी होती तरी कमरेला, मांड्यांना ते बरोबर बसलं. तिने माझा उजवा हात उचलून एका लाकडावर ठेवला. शेवाळ चढून बुळबुळीत झालेलं. बोटं पुढे सरकली आणि खळग्यात गेली.

माझी खुर्ची.

मी बसून राहिलो. गाळात काही करायचं नसतं, हलायचं नाही, तो आपोआप खाली बसतो, हे तिने शंभरदा सांगितलं होतं. श्वास हळूहळू लांब झाला. आणि नकळत, खरंच नकळत, मी खळग्यावर अंगठी आपटायला लागलो. टक, टक. पाण्यात आवाज केवढा येतो. डावीकडून लगेच उत्तर आलं, टाकीवर कशानेतरी आपटल्यासारखं. टक, टक.

गाळ जसजसा बसत गेला तशी एकेक वस्तू बाहेर आली. मधे तिपाई. त्यावर रेडिओ. मागे दिव्याचा स्टँड, किंचित वाकलेला, घरी होता तसाच. आणि डावीकडे, थोडी तिरकी, वेताची खुर्ची, आणि तीत ही बसलेली. बरोब्बर त्या अंतरावर. घरी मी सोडून कोणी बसत नव्हतं, आणि इथे दोघं बसलो होतो.

मला रडू आलं. मास्कमध्ये रडलं की आत पाणी साचतं, ते नाकाने हवा सोडून बाहेर काढायचं असतं. तेवढं मात्र मला पहिल्याच प्रयत्नात जमलं.

वर आल्यावर काठावर बसून ती म्हणाली, "वहिनींचा फोन आला होता मला. फेब्रुवारीतच. म्हणाल्या, भावजींना भाकरी चालते का चपाती."

तीस वर्षं तक्रारी ऐकल्या, पण माझ्याविरुद्धची तक्रार ही पहिलीच.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते." तिने फिन्स काढल्या, पाणी ओतलं. "तुम्ही गेल्यावर खुर्ची इथेच राहिली असती, तर ती रिकामी रोज बघायची, ते मला जमलं नसतं. टेम्पोतून गेली असती तर ती जागा रिकामी दिसली असती. म्हटलं, मी जिथे रोज जाते तिथे नेऊन ठेवू. निदान तिथे जाऊन बसता येईल शेजारी."

"मग मला शिकवलंस कशाला?"

"तुम्हीच विचारलंत," ती म्हणाली. "समजा, म्हणालात."

मी तिच्या खांद्यावरचा पट्टा सोडवायला लागलो. बकल ओलं होतं, बोटं गारठलेली, बराच वेळ लागला. तिने घाई केली नाही.

६ एप्रिल

सकाळी चहा केला. दोन्ही कप गरम असतानाच संपले.

मग दादाला फोन केला. म्हटलं, "मला यायला जमणार नाही."

"अरे, टेम्पो दाराशी उभा आहे. तुझ्या वहिनीने खोली झाडूनपुसून ठेवलीय. झालं काय?"

"खुर्ची."

"खुर्चीचं काय? जाड गोधड्यांत बांधून आणू की. एक ओरखडा पडणार नाही."

"ओली आहे रे," मी म्हणालो. "वाळायची नाही इतक्यात."